हजेरीपटाबाहेरचा विद्यार्थी

माझ्या अकरावीच्या वर्गातील एक मुलगा दिवाळीनंतर दिसेनासा झाला. मूत्रपिंडे निकामी झाल्याने आठवड्यातून तीनदा, प्रत्येक खेपेस चार तास, त्याला नशिराबादहून जळगावला डायलिसिससाठी जावे लागे. हजेरीपटावर मात्र त्याच्या नावापुढे 'गैरहजर' एवढेच उमटत राहिले. आजारी आणि उनाड यांत भेद करणारी खूण आपल्या हजेरीपटात नाही. त्याचा मित्र सांगेपर्यंत मीही चौकशी केली नव्हती, हे कबूल केले पाहिजे.

कायदा काय म्हणतो? २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात २०१२ साली दुरुस्ती होऊन बहुविकलांग आणि तीव्र अपंगत्व असलेल्या मुलांना घरी शिकण्याचा पर्याय मिळाला. परंतु तीव्र म्हणजे ८० टक्के वा अधिक, आणि हा कायदा मुळातच ६ ते १४ वयोगटासाठी. २०१६ च्या कायद्याने सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया यांना दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत घेतले, मोफत शिक्षणाची मर्यादा १८ वर्षांपर्यंत नेली. पण ते शिक्षण शाळेतले, आणि ४० टक्क्यांचे प्रमाणपत्र असणाऱ्यांचे. मूत्रपिंडाच्या किंवा कर्करोगाच्या रुग्णाचे नाव त्या यादीत नाही. त्याच्यासाठी उरतो १७ नंबरचा फॉर्म. त्याने परीक्षेचे दार उघडते, शिक्षक काही घरी येत नाही.

अशा वेळी आपण साहित्याचे लोक पटकन बहिणाबाईंचा दाखला देतो. असोदे येथून जवळच. शाळेची पायरी न चढता ही बाई एवढी थोर झाली, मग घर हीच शाळा का नसावी? हा युक्तिवाद गोड आहे आणि फसवा आहे. त्यांची गाणी उरली, कारण सोपानदेव आणि पितांबर चौधरी या घरातल्याच दोघांनी ती टिपून घेतली. उंबऱ्याच्या आत अक्षर जाणणारे माणूस होते, म्हणून ती आपल्यापर्यंत आली. आजारपण कोणाला आपोआप शिकवीत नाही.

म्हणून मागणी साधी आहे. दीर्घ आजारी विद्यार्थ्याच्या घरी दिलेले आठवड्याचे दोन तास शिक्षकाच्या कार्यभारात धरावेत आणि तीच त्या विद्यार्थ्याची हजेरी मानावी. हे काम एखाद्याच्या चांगुलपणावर सोपवले, तर तो शिक्षक बदलून जाताच ते थांबेल.

सध्या मी रविवारी त्याच्याकडे जातो. पहिल्या दिवशी त्याने आजाराविषयी एक शब्दही काढला नाही. एवढेच विचारले, "सर, वर्गात आता कोणता पाठ चाललाय?"