हजार वॅटचं स्टिकर आणि भिंतीतली तिसरी पिन

लाखाच्या वरचं ग्राफिक्स कार्ड, महागडा मॉनिटर, आत दिवाळीसारखे लुकलुकणारे पंखे... आणि पॉवर सप्लाय? "तो दुकानदार कॅबिनेटबरोबर देतोय ना!"

हे उत्तर ऐकलं की माझं डोकं फिरतं. आणि हे सांगणारे कोण, तर चांगले बी. ई. झालेले, माळेगाव एमआयडीसीत नाहीतर पुण्याच्या आयटीत नोकरी करणारे लोक. तर मंडळी, आज थोडं भांडायचंय.

सुरुवात स्टिकरपासून. खोक्यावर ठसठशीत "४५० वॅट" लिहिलेलं असतं. त्याखाली बारीक अक्षरात तक्ता असतो, तो कोणी वाचत नाही. हल्लीचा प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टच्या लाइनवरून घेतात. तक्त्यात १२ व्होल्टपुढे १६ अँपिअर असेल तर गुणाकार करा: १९२ वॅट. म्हणजे तुमच्या कामाचा सप्लाय १९२ वॅटचा, बाकी सगळी शोभा. चौथीतलं गणित आहे राव, पण इंजिनिअर करत नाहीत.

आता दुसऱ्या टोकाचे शहाणे. "भावा, डोळे मिटून १२०० वॅटचा घे." का? समजा आरटीएक्स ५०८० आहे. ते ३६० वॅट खातं. रायझन ७ ९८००एक्स३डी जास्तीत जास्त १६२. पंखे, डिस्क, बोर्ड वगैरे धरून सहाशेच्या आसपास. एनव्हीडिया स्वतः या कार्डाला ८५० वॅटचा सप्लाय सुचवते. ५०९० हे ५७५ वॅटचं धूड घेणार असाल तरच हजाराची गोष्ट करा. कार्ड क्षणभर दुप्पट ओढतं ही भीती खरी आहे, पण त्यासाठीच इंटेलने २०२२ मधे एटीएक्स ३.० आणलं. त्यात सप्लायने १०० मायक्रोसेकंदांपुरता दुप्पट भार सोसावा अशी अटच आहे. तेव्हा वॅटचे आकडे फुगवण्यापेक्षा एटीएक्स ३.० किंवा ३.१ लिहिलंय का ते बघा.

मग येतात 'गोल्ड'वाले. ८० प्लस हा बिल्ला मुख्यतः कार्यक्षमता सांगतो. शॉर्ट सर्किट झालं तर सप्लाय वेळेवर बंद पडेल का, हे तो सांगत नाही. शिवाय ही चाचणी मूळची ११५ व्होल्टवर आणि २३ अंशांच्या आसपास होते. एप्रिलमधे सिन्नरच्या पत्र्याखालच्या खोलीत २३ अंश दाखवा, माझ्याकडून मिसळ! आणि वीजबिल? ६०० वॅटच्या भाराला ८५ टक्क्यांऐवजी ९० टक्के मिळाले तर वाचतात ३९ वॅट. रोज चार तास खेळलात तर महिन्याला पाचेक युनिट. गोल्ड जरूर घ्या, पण बिलासाठी नको. वॉरंटी सात-दहा वर्षांची आहे का आणि संरक्षणं कोणकोणती दिलीत, ते बघून घ्या.

इथवरचं सगळं नेटवर सापडेल. पुढचं अमेरिकेतला यूट्यूबवाला सांगणार नाही, कारण त्याच्याकडे दिवसातून चारदा लाईट जात नाही.

लाईट गेली की इन्व्हर्टर सुरू व्हायला वेळ लागतो. यूपीएस मोडमधे साधारण १० मिलिसेकंद, साध्या मोडमधे त्याच्या दोन-तीन पट. तेवढा वेळ सप्लायने आतल्या कपॅसिटरवर तग धरायचा असतो. चांगला सप्लाय पंधराएक मिलिसेकंद धरतो, कॅबिनेटबरोबर फुकट आलेला धरेल याचा भरवसा नाही. इन्व्हर्टरच्या मागचं बटण बघितलंय कधी? आणि ९०० व्हीएच्या घरगुती इन्व्हर्टरवर भर गेममधे हा पीसी चालवाल, तर पंख्यासकट सगळं बसेल. त्यामुळे सप्लायबरोबर शुद्ध साइन वेव्हचा यूपीएस हिशोबात धराच. गेम सेव्ह करून नीट बंद करण्यापुरता पुरे.

आता मुख्य तक्रार. माळेगाव किंवा मुसळगावच्या कारखान्यात नवीन सीएनसी मशीन आलं, की आधी अर्थिंग मोजतात. त्याशिवाय मशीन बसवणारा इंजिनिअर हात लावत नाही. तोच माणूस घरी येऊन दोन लाखांचा पीसी दोन तारांच्या एक्स्टेंशन बोर्डवर लावतो! तिसरं भोक असतं, त्यामागे तार नसते. सप्लायच्या फिल्टरमधले छोटे कपॅसिटर कॅबिनेटला जोडलेले असतात. अर्थ नसेल तर कॅबिनेटवर शंभराच्या आसपास व्होल्ट तरंगतात, म्हणून हात लावला की झिणझिण्या येतात. "होतं रे थोडंसं" म्हणून आपण सोडून देतो. करंट तेव्हा अगदी नगण्य असतो हे खरं. पण उद्या आत खरोखर फेज कॅबिनेटला टेकला, तर फ्यूज उडवायला वाट कुठली? वाट तुमच्या धाकट्या बहिणीच्या हातातून जाणार.

"भाड्याच्या खोलीत अर्थिंग कोण करून देणार?" हा प्रश्न रास्त आहे. पण मोजायला तर मालकाची परवानगी लागत नाही ना? ओळखीच्या वायरमनला मल्टीमीटर घेऊन बोलवा. फेज आणि अर्थमधे २३० च्या जवळ आणि न्यूट्रल व अर्थमधे दोन-तीन व्होल्ट दिसले तर बहुधा ठीक. नाहीतर मालकाशी भांडा. नाहीच ऐकलं, तर खर्च अर्धा अर्धा करा. ग्राफिक्स कार्ड एक पायरी खालचं घेतलंत तर यूपीएस आणि अर्थिंग दोन्ही त्यात बसतं, आणि गेममधे जो फरक पडेल तो डोळ्यांना दिसणारही नाही.

तेव्हा पुढच्या वेळी कोणी "कुठला पॉवर सप्लाय घेऊ?" असं विचारलं, तर मी आधी भिंतीतल्या तिसऱ्या पिनबद्दल विचारणार. उत्तर नसेल तर ब्रँडवर चर्चा नाही. रागवा खुशाल!