माळ्यावरचा सिनेमा भंगारात घालू नका

कबनूरच्या आयाबायांनो, बापयांनो, पोरांनो,

भालजी पेंढारकरांचे, अनंत माने यांचे जुने चित्रपट घरी नीट बघायला मिळत नाहीत, ही तुमची तक्रार. मोबाइलवर सापडलाच तर चेहरे धुरकट, आवाज खरखरीत, मधलं गाणं गायब. चांगली डीव्हीडी मागावी तर दुकानदार मान हलवतो.

तक्रार खरी आहे. पण नुसतं हळहळून चित्रपट घरी येत नाही. चार कामं आपल्याच हातची आहेत.

आधी एक ध्यानात घ्या. बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरात 1920 साली ‘सैरंध्री’ काढला आणि 1925 साली ‘सावकारी पाश’. कर्जापायी जमीन गेलेल्या शेतकऱ्याची ती गोष्ट. आजही आपल्याला परकी वाटायची नाही. पण हे दोन्ही मूकपट आता बघायला मिळत नाहीत. फिल्मच उरली नाही, तर कंपनी डीव्हीडी काढणार कशाची?

उलट ‘पिंजरा’ बघा. 1972 चा चित्रपट. फिल्म हाताशी होती, म्हणून साफसूफ होऊन 2016 साली पुन्हा थिएटरात लागला. तेव्हा आधी जपायचं, मग मागायचं.

पहिलं काम, माळा उतरवा. दिवाळीच्या साफसफाईची वाट बघू नका. जुन्या ट्रंका उघडा. व्हिडिओ कॅसेट, व्हीसीडी, पोस्टर, फोटो, थिएटरच्या दारात विकत मिळायची ती गाण्यांची पुस्तकं, सगळं बाजूला काढा. भंगारवाला किलोवर थोडे पैसे देईल. देऊ नका. गाण्यांचं ते पिवळं पडलेलं पुस्तक उघडून बघा. कंपनीचं नाव, नटनट्यांची नावं, थोडक्यात कथा, सगळं त्यात असतं. चित्रपट हरवला, तर त्याचा पत्ता सांगायला तेवढाच कागद उरतो.

दुसरं काम, रिळाचा डबा सापडला तर सांभाळून. घरात कुणी टूरिंग टॉकीज चालवली असेल, कुणी ऑपरेटर असेल, तर डबा निघू शकतो. 1950 च्या आधीची फिल्म बहुधा नायट्रेटची. ती झटकन पेट घेते आणि विझता विझत नाही. जानेवारी 2003 मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या अशाच रिळांच्या कोठाराला आग लागली आणि कितीतरी जुने चित्रपट जळाले. म्हणून असा डबा गॅसजवळ, देवघरात, लूमच्या शेडमध्ये ठेवू नका. पोरांच्या हाती देऊ नका.

नंतरच्या फिल्मचा रोग वेगळा. झाकण काढलं की व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो. फिल्म आकसते, वाकडी होते. ती उन्हात वाळवू नका, पुसू नका, उलगडून बघू नका. झाकण लावून थंड, कोरड्या जागी ठेवा आणि पुण्याच्या त्याच संग्रहालयाला कळवा. 1964 पासून ते हेच काम करतात. आधी फोन करा. डबा घेऊन थेट एसटीत चढू नका.

तिसरं काम, कॅसेटी. टेपवर पांढरी बुरशी दिसली तर ती कॅसेट व्हीसीआरमध्ये घालू नका. टेप तुटेल आणि मशीनही बिघडेल. लग्नाच्या जुन्या कॅसेटी पेनड्राइव्हवर करून देणारे लोक इचलकरंजीत शोधा. आधी एकच कॅसेट द्या. काम बघा, मग बाकीच्या द्या. मूळ कॅसेट परत मागून घ्या.

ही कॉपी घरापुरती ठेवा. विकू नका, नेटवर टाकू नका. भारतात चित्रपटाचा हक्क, तो प्रदर्शित झालेलं वर्ष संपल्यावर पुढं 60 वर्षं राहतो. ‘सांगत्ये ऐका’ 1959 चा, म्हणजे त्याची मुदत 2019 अखेर संपली. पण त्यातली गाणी कवी गदिमांची. ते 1977 साली गेले. कवीचा हक्क त्याच्या मागं 60 वर्षं, म्हणजे 2037 अखेरपर्यंत. जुना चित्रपट म्हणजे कुणाचाच नाही, असं धरून चालू नका.

चौथं काम, मागणी नीट लावा. “सगळे जुने चित्रपट आणा” असं कंपनीला लिहिलं तर पत्र बाजूला पडतं. एकच चित्रपट निवडा. त्याचं नाव, साल, दिग्दर्शक लिहा. हक्क कुणाकडं आहेत ते शोधा. सुरुवातीच्या नामावलीत निर्मात्याचं नाव मिळेल, गाण्यांच्या पुस्तकातही मिळेल. गल्लीतली किती घरं विकत घेतील आणि किती रुपयांपर्यंत, ते मोजून लिहा. खाली सह्या घ्या. कंपनीला हौसेपेक्षा गिऱ्हाईक दिसलं पाहिजे.

आणि चांगली प्रत बाजारात आली की विकतच घ्या. शेजाऱ्याची उतरवून घेतली, तर पुढचा चित्रपट कुणी काढणार नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर कुणी “दुर्मिळ चित्रपट, आधी पैसे पाठवा” म्हणालं, तर पाठवू नका. कव्हरवर कंपनीचं नाव-पत्ता बघा, बिल मागा.

घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विसरू नका. कोणता चित्रपट कुठल्या टॉकीजला बघितला, त्यात काय होतं, ते विचारा. वहीत उतरवा. मागणीच्या पत्रासाठी चित्रपट निवडायचा, तर त्यांच्याइतका नेमका सल्ला कुणी देणार नाही.

येत्या सुट्टीला शिडी लावा. पावसाळ्याआधी माळा रिकामा करा. सापडलेल्या वस्तूंची यादी करून गावच्या वाचनालयात द्या. पाच घरांच्या याद्या जमल्या, की पहिलं पत्र लिहायला बसा.