लक्ष्मीचा चेहरा कोणी पाहिला?

राजेश्वरातील कोणत्याही घरी वा दुकानात जावे, लक्ष्मीचे चित्र बहुधा भिंतीवर दिसतेच. कमळावर उभी, गौरकांती, चतुर्भुज, भरजरी वस्त्र नेसलेली. आमच्या कोंकणी घरातील देव्हाऱ्यातही हीच मूर्ती होती. लक्ष्मी अशीच असते, असे आम्हीही लहानपणी धरून चाललो होतो.

वस्तुतः हे रूप राजा रविवर्मा (१८४८–१९०६) या चित्रकाराच्या कल्पनेतून उतरले. युरोपात नवजागृतीच्या काळी राफाएलने येशूच्या मातेला इटलीतील तरुण मातेचे रूप दिले. रविवर्म्यांनी तैलरंगांची ती पाश्चात्य रीत आत्मसात करून आपल्या देवतांना भोवतालच्या स्त्रियांचे रूप दिले, अंगावर लुगडी नेसविली. १८९४ साली त्यांनी मुंबईत शिळाछापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. तेथील स्वस्त चित्रे घरोघर पोहोचली. ज्यांना देवळाची पायरी चढू दिली जात नव्हती, त्यांनाही घरबसल्या दर्शन घडले. हे उपकार थोर आहेत.

परंतु एका कलावंताच्या कल्पनेचा आपण साचा करून टाकला, हे बरे झाले नाही. मागे वर्गात आम्ही लक्ष्मीचे चित्र काढावयास सांगितले. एका मुलीने वेळा अमावास्येला आंबिलीचे मडके डोक्यावर घेऊन शेताकडे निघालेली सावळी बाई रेखाटली. "ही लक्ष्मी नव्हे," असे म्हणून आम्ही गुण कापले. तिने हळूच विचारले, "सर, तुम्ही लक्ष्मी पाहिली आहे का?"

आम्ही निरुत्तर झालो. ज्या वर्गातील बहुसंख्य मुली सावळ्या, तेथे श्री गोरीच असते असे आम्ही नकळत शिकवीत होतो! त्याच अमावास्येला शेतातील कडब्याच्या कोपीत आपण चुना लावलेले पाच दगड पूजतो. तेथे भक्तीला चेहऱ्याची अडचण पडत नाही.

देवतेचे निराळे रूप काढणे म्हणजे अनादर, असे काही वडीलधारी मंडळी म्हणतील. त्यांना आमचे नम्र सांगणे एवढेच, की रविवर्म्यांनीही नवे रूपच काढले होते. त्यांचे चित्र भिंतीवर आदराने असू द्यावे. मात्र विद्यार्थ्यांनी त्यांच्याकडून रेषा नव्हे, दृष्टी घ्यावी. भोवतालच्या माणसांत देवत्व पाहण्याची ती दृष्टी होती.

त्या मुलीचे कापलेले गुण आम्ही दुसऱ्याच दिवशी परत केले.