पहाट कोणाच्या घड्याळाची?

पहाटे पाचला उठावे, हा उपदेश आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. पण हे पाच कोणत्या घड्याळातले, याचा विचार क्वचितच होतो. पालघर जिल्ह्यातील मोखाडा तालुक्यात, डोंगराळ मुलखात, पोशेरा नावाचे गाव आहे. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशावरून ठरते आणि पोशेरा त्याच्या नऊ अंशांहून अधिक पश्चिमेस आहे. एका अंशास चार मिनिटे, या हिशेबाने तेथील सूर्य घड्याळाच्या सुमारे 37 मिनिटे मागे चालतो. मुंबईत हेच अंतर 39 मिनिटांचे. म्हणूनच त्या शहराने आपली स्वतंत्र स्थानिक वेळ 1955 पर्यंत सोडली नव्हती. जानेवारीच्या मध्यास या भागात सातनंतर दहा-बारा मिनिटांनी सूर्य उगवतो, तर जूनच्या आरंभी सहाच्या सुमारास. म्हणजे बारमाही पाचला उठणारा गृहस्थ थंडीत सूर्याच्या दोन तासांहून अधिक आधी उठतो आणि उन्हाळ्यात जेमतेम तासभर आधी. नियम एकच, पण शरीराला तो दोन निराळ्या वेळी पाळावा लागतो.

आपल्या पूर्वजांनी नवकारसी घड्याळावर टांगली नाही. सूर्योदयानंतर दोन घटिका, म्हणजे 48 मिनिटे, मुखात काही घ्यावयाचे नाही. त्यामुळे ती वेळ ऋतूबरोबर सरकते: पौषात आठच्या आसपास, ज्येष्ठात पावणेसातच्या. धर्मदृष्ट्या तिचे मोल सांगण्याचा अधिकार साधुसाध्वींचा. मला येथे एवढेच नोंदवावेसे वाटते, की शरीरही नेमका हाच हिशेब ठेवते.

जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग या तीन अमेरिकी शास्त्रज्ञांना 2017 चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, ते याच संशोधनासाठी. फळमाशीच्या पेशींत एक विशिष्ट प्रथिन रात्री साठत जाते व दिवसा विरते, आणि या चढउतारावर तिचे चोवीस तास बेतलेले असतात. अशीच यंत्रणा मनुष्यातही आहे, आणि तिला रोज किल्ली देतो तो मुख्यतः प्रकाश. सकाळचा प्रकाश डोळ्यांवर पडला की हे आतले घड्याळ पुढे येते. रात्रीच्या प्रखर दिव्याने मागे पडते.

तेव्हा पहाट खरोखर आदल्या सायंकाळी ठरते, आणि व्यापाऱ्याच्या घरचे दुखणे तेथेच आहे. पौषात साडेसहाच्या आत सूर्य मावळतो. गिऱ्हाईक तर त्यानंतरच येते. चौविहार करणाऱ्यांचा डबा पाच-साडेपाचला दुकानात पोहोचतो आणि गल्ल्यामागे घाईने उघडला जातो. ज्यांचा तो नियम नाही, त्यांचे पुढचे वेळापत्रक सर्वांच्या ओळखीचे आहे. साडेनऊला शटर, मग दिवसाचा मेळ, दहानंतर जेवण, त्यावर मोबाइलवर आलेल्या रकमा तपासता तपासता तासभर निराळ्याच गोष्टी पाहणे. बाराला निजून पाचला उठणे यास मी शिस्त म्हणणार नाही. ती झोपेची उधारी आहे, आणि तिचे व्याज दुपारच्या डुलकीने व संध्याकाळच्या चिडचिडीने फेडावे लागते. ज्याला पहाट हवी, त्याने प्रथम रात्रीचे जेवण अलीकडे आणावे आणि हिशेब सकाळवर टाकावा. गजर एकदम दोन तास मागे न घेता आठवड्याला पंधरा मिनिटांनी घ्यावा. रविवारीही तीच वेळ राखावी, आणि उठताच प्रथम गॅलरीत जावे. (घरातील सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना यातून थोडी सूट असावी. त्या वयात आतले घड्याळ निसर्गतःच उशिरा चालते. त्यांच्या अंथरुणाशी उभे राहून केलेल्या व्याख्यानाने ते पुढे सरकत नाही.)

परंतु केवळ शिस्तीखातर मनुष्य फार दिवस उठत नाही. पहाटेपाशी काही सुख वाट पाहत असावे लागते, आणि ते लहान असले तरी चालते. सामायिकासाठी अंथरलेले कटासन, खाली रस्त्यावर एकही हॉर्न नाही. अजून कोणी उधारी मागितलेली नाही, अशा वेळी उघडलेली वही. रात्री न जुळलेली रक्कम सकाळी दोन मिनिटांत सापडते, हा पुष्कळांचा अनुभव आहे. सासूबाई आणि सूनबाई स्वयंपाकघरात एकट्याच असतात, आणि दिवसभरात न झालेले बोलणे तेवढ्यात होऊन जाते. सुंठ व गवती चहाचा उकाळा. माझ्या मते या सर्वांत श्रेष्ठ सुख अगदी साधे आहे: नवकारसी पारल्यावर घेतलेला, उकळून निववलेल्या पाण्याचा पहिला घोट. रात्रभराच्या विरामानंतर जिभेला पाण्याचीही चव कळते.

हे पाणी मुंबईच्या घरांत कोठून येते? मोखाडा तालुक्यातील कोचाळे येथे वैतरणा नदीवर मध्य वैतरणा हे 102 मीटर उंचीचे धरण आहे. मुंबईस रोज सुमारे 455 दशलक्ष लिटर पाणी पुरविण्यासाठी ते बांधले गेले. पोशेरा याच तालुक्यातले. जव्हार-मोखाड्याच्या या मुलखात पावसाळ्यात मुसळधार पाऊस पडतो. उतारावरून तो वाहून जातो, आणि होळीनंतर अनेक पाड्यांच्या विहिरी तळ गाठतात. मग तेथे टँकरची वाट पाहिली जाते.

म्हणून उन्हाळ्यात तेथील स्त्रिया अंधार असतानाच उठतात. चैत्रात मोहाची फुले उत्तररात्रीपासून गळू लागतात. ऊन तापण्यापूर्वी व गुरे पोहोचण्यापूर्वी ती वेचावी लागतात. ती वाळवून खाण्यास ठेवतात, विकतातही. पाण्याचे त्याहून कठीण. रात्रभरात झऱ्याने विहिरीच्या तळाशी जे साठते, ते पहिल्या येणारीस मिळते. उशिरा येणारीला वाटीने खरवडून हंडा भरावा लागतो. त्या पहाटेला गजर लागत नाही आणि तिच्यात कटासनही नाही. डोक्यावर दोन हंडे घेऊन चढ चढताना पूर्वेकडे फटफटू लागते, आणि तेव्हा मुंबईच्या आपल्या घरी नळाखाली पातेले ठेवले जात असते.