साथीच्या काळातील आप्तवाक्य

न्यायशास्त्रात शब्द हे प्रमाण खरे. परंतु तो आप्ताचा असावा लागतो. जो वस्तू स्वतः जाणतो आणि जशी जाणली तशीच सांगू इच्छितो, तो आप्त. हे लक्षण ऋषींना व म्लेच्छांना सारखेच लागू, असे भाष्यकार वात्स्यायन म्हणतात. मग ते शासनासही लागू आहेच.

१८९७ साली पुण्यात प्लेगची झडती सोल्जरांकरवी झाली. देवघरापर्यंत बूट शिरले आणि हिताचा उपायही लोकांस जुलूम वाटला. १९९४ च्या ऑगस्टात आपल्या बीड जिल्ह्यातील मामला गावी उंदीर मरू लागले, पिसवांचा उपद्रव वाढला. गावकऱ्यांनी ते कळविले. तेथे जनताच आप्त झाली. पुढच्याच महिन्यात सुरतेत मात्र वार्तेपुढे अफवा धावली आणि लाखोंनी शहर सोडले. २०२० साली ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका एस.टी.ने पंढरीस गेल्या, वारकरी घरी राहिले. कारण संस्थानांशी आधी विचारविनिमय झाला होता.

तेव्हा श्रोतेहो, आषाढीच्या निमित्ताने एवढेच मागणे: शासनाने ठाऊक आहे ते सांगावे, ठाऊक नाही तेही सांगावे, आणि आपण ऐकीव गोष्टीस प्रमाण मानू नये.