जे नोंदले नाही, ते राखणार कसे?

ज्या किल्ल्यावर १७३९ साली चिमाजी अप्पांनी भगवा फडकवला, त्या वसईच्या किल्ल्यात २०२४ च्या मार्चअखेरीस एक बिबट्या मुक्कामाला आला. किल्लाबंदर आणि पाचूबंदर येथील कोळी बांधव रात्री-अपरात्री याच वाटेने ये-जा करतात. त्यामुळे भीती पसरणे स्वाभाविक होते. वनखात्याने कॅमेरे बसवले, पिंजरे लावले, आणि सुमारे २५ दिवसांनी, एप्रिलमध्ये, तो पिंजऱ्यात सापडला. त्याला पुन्हा जंगलात सोडण्यात आले. या २५ दिवसांत वसई-विरारच्या घराघरांत एकच प्रश्न विचारला जात होता : हा आला कोठून? १२ लाखांहून अधिक लोकवस्तीच्या (हा आकडा २०११ च्या जनगणनेचा, आज तो कितीतरी वाढला असणार) या महानगराला आपल्या उशाशी असलेल्या जंगलाची किती ओळख आहे, हे त्या प्रश्नानेच उघड केले.

या प्रश्नाचे उत्तर खरे तर १५ वर्षांपूर्वीच मिळालेले होते. २००९ मध्ये तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील टाकळी ढोकेश्वर येथे विहिरीत पडलेला एक वयस्क नर बिबट्या वनखात्याच्या हाती आला. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच्या गळ्यात उपग्रहाशी संपर्क ठेवणारा पट्टा बांधून त्याला माळशेज घाटात सोडले. त्याचे वय पाहून त्याला नाव दिले ‘आजोबा’. या आजोबाने साधारण महिनाभरात सुमारे १२० किलोमीटर वाट तुडवली. मुंबई-आग्रा महामार्ग ओलांडला, कसारा स्थानकाच्या परिसरातून पुढे सरकला, वसईच्या औद्योगिक वसाहतीजवळून गेला आणि शेवटी खाडी पोहून संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात दाखल झाला. साऱ्या प्रवासात त्याने कोणावरही हल्ला केला नाही. डिसेंबर २०११ मध्ये मुंबई-अहमदाबाद महामार्गावर वाहनाच्या धडकेने तो मरण पावला. २०१४ मध्ये त्याच्यावर मराठी चित्रपटही निघाला. चित्रपट पाहून आलेल्या किती वसईकरांना ठाऊक होते की, ही वाट आपल्याच गावावरून जाते?

पुढे २०२१ मध्ये राष्ट्रीय उद्यानातील काही बिबट्यांना असेच पट्टे बांधण्यात आले. त्यांतील ‘महाराजा’ नावाचा नर दिवा-वसई लोहमार्ग आणि चिंचोटी-भिवंडी रस्ता ओलांडून तुंगारेश्वरच्या रानात गेला. बिबट्या ‘वाट चुकून’ येतो, ही आपली आवडती समजूत. या दोन प्राण्यांनी दाखवून दिले की, त्याची वाट ठरलेली आहे आणि ती आपणच अडवलेली आहे. राष्ट्रीय उद्यान, तुंगारेश्वर आणि तानसा ही एकाच वनसाखळीची तीन कडी. या कड्यांना जोडणाऱ्या चिंचोळ्या पट्ट्यातच महामार्ग, मालगाड्यांचा स्वतंत्र लोहमार्ग, द्रुतगती मार्ग आणि बुलेट ट्रेन यांची आखणी झाली आहे. देशाला हे प्रकल्प हवे आहेत, याविषयी आमच्या मनात शंका नाही. परंतु भुयारी वाट कोठे ठेवायची, पूल कोठे उंच करायचा, हे ठरवण्यासाठी जनावर कोठून जाते याची नोंद अभियंत्याच्या टेबलावर असावी लागते. आजोबाच्या गळ्यात पट्टा नसता, तर ती नोंद नसती.

तुंगारेश्वर अभयारण्य घोषित झाले २००३ मध्ये. क्षेत्र सुमारे ८५ चौरस किलोमीटर. याच डोंगरांचे पाणी पेल्हारच्या धरणात साठते आणि वसईकरांच्या नळाला येते. येथील महादेवाच्या दर्शनासाठी श्रावणात आणि महाशिवरात्रीला हजारो भाविक जातात. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने अभयारण्यातील परशुरामकुंडावरील आश्रमाची बांधकामे पाडण्यात आली, तेव्हा अनेकांची मने दुखावली गेली. ते दुःख आम्ही समजू शकतो. पण अरण्यात आश्रम उभारणाऱ्या ऋषींनी अरण्याचे नियम पाळले, हेही आपणच मुलांना सांगत असतो. न्यायालयाचा निर्णय मान्य करायचा, आणि मग त्याच कठोरपणाने डोंगराच्या पायथ्याशी चाललेल्या अतिक्रमणांचा, राडारोड्याच्या ढिगांचा हिशेब मागायचा, हा मार्ग सरळ आहे. दर्शनाहून परतताना ओढ्यात टाकलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या कोणत्या विधर्मीयाने टाकलेल्या नसतात, एवढेही येथे नमूद करावे लागते.

याच डोंगराच्या परिसरात पाड्यापाड्यांवर वाघोबा आहे. लाकडावर किंवा दगडावर कोरलेला, शेंदूर फासलेला. वारली आणि इतर वनवासी बांधव वाघबारशीला त्याची पूजा करतात, नैवेद्य दाखवतात आणि गुराढोरांचे रक्षण कर असे साकडे घालतात. मुंबई, ठाणे आणि पालघर भागातील अशा सुमारे दीडशे वाघोबांची अभ्यासकांनी नोंद केली असून, २०२१ मध्ये तो अभ्यास प्रसिद्धही झाला. बिबट्यासोबत राहण्याची रीत या लोकांनी देवाच्या रूपाने जपली. शहरात बिबट्या दिसला की प्रथम मोबाइल बाहेर निघतो आणि नंतर मोर्चा. पाड्यावर दिसला तर गोठ्याचे दार तपासले जाते. यांतील अडाणी कोण?

रानाची ही गोष्ट, तर समुद्राची याहून अबोल आहे, कारण तेथे काय मेले हेही दिसत नाही. व्हेल शार्क हा जगातील सर्वांत मोठा मासा आपल्या पश्चिम किनाऱ्याला येतो. त्याला मे २००१ मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान मिळाले. हे स्थान मिळालेला तो पहिलाच मासा. कायदा झाला, पण गुजरातच्या किनाऱ्यावरील शिकार थांबली ती वेगळ्याच वाटेने. २००४ मध्ये मोरारीबापूंनी मच्छीमारांना समजावले की, ही ‘व्हाली’ आहे, बाळंतपणासाठी माहेरी आलेली लेक आहे. माहेरवाशिणीवर कोण हात उगारील? ज्यांनी पूर्वी तिला मारले, त्यांनीच पुढे आपली जाळी कापून शेकडो व्हेल शार्क सोडले. जाळे कापणे म्हणजे काय, हे कोळ्याच्या घरी विचारावे. ते त्याचे भांडवल असते. महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०१८ मध्ये अशा संरक्षित प्राण्यासाठी जाळे कापणाऱ्या मच्छीमाराला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना आणली. तिची अट एकच : सोडल्याचा पुरावा हवा, छायाचित्र हवे. पुन्हा नोंदच!

आपल्या मंदिरात गाभाऱ्यासमोर दगडी कासव असते. त्याला हात लावल्याशिवाय आपण आत जात नाही. पावसाळ्यात जखमी समुद्री कासवे पालघरच्या किनाऱ्याला लागतात. कोणाचे कवच फुटलेले असते, कोणाचा पाय जाळ्याच्या दोरीने कापलेला असतो. त्यांच्यावर उपचार करणारे केंद्र डहाणूला उभे राहिले. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास गावाने तर २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेच्या साहाय्याने कासवांची घरटी मोजली आणि राखली. जेथे अंडी खाल्ली जात होती, तेथे कासव महोत्सव भरू लागला. वेळासकरांनी प्रथम काय केले? घरटी मोजली आणि आकडे वहीत लिहिले.

वसईच्या वाड्यांमधील बावखले अशीच वहीबाहेर राहिली. गोड्या पाण्याची ही लहान तळी केळीच्या आणि पानवेलींच्या बागा पोशीत आणि विहिरींना पाझर देत. त्यांच्या काठी पाणकोंबडी, खंड्या, कासव, धामण सुखाने नांदत. जमिनीचे भाव वाढले आणि एकेक बावखल भरावाखाली गेले. हरित वसईच्या आंदोलनात फादर फ्रान्सिस दिब्रिटो अग्रभागी होते. त्यांच्या इतर भूमिकांविषयी वाचकांचे मत काहीही असो, वसईची हिरवाई आणि पाणी यांसाठी त्यांनी समाजाला जागे केले, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. कांदळवनांचे नशीब थोडे बरे. २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांच्या तोडीला मनाई केली आणि उपग्रहाच्या साहाय्याने नकाशे करायला सांगितले. २०१२ मध्ये राज्याने स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन केला. नकाशावर आलेल्या तिवरांसाठी निदान भांडता तरी येते. भरलेल्या बावखलासाठी कोणता कागद पुढे करणार?

असा कागद करण्याची सोय कायद्यात आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीने, नगरपालिकेने, महापालिकेने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमायची आणि लोकांच्या मदतीने ‘लोक जैवविविधता नोंदवही’ तयार करायची. कोणते मासे, कोणते पक्षी, कोणती झाडे, कोणती वाणे, आणि त्यांविषयी लोकांना काय ठाऊक आहे, हे सारे तिच्यात यायचे. अनेक वर्षे बहुतेक ठिकाणी हे झालेच नाही. अखेर राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये बडगा उगारला : ३१ जानेवारी २०२० पर्यंत काम पूर्ण करा, अन्यथा दरमहा १० लाख रुपये भरा. दंडाच्या धाकाने सरकारी कामे कशी उरकली जातात, हे कचेरीची पायरी चढलेल्या प्रत्येकाला सांगायला नको. शेजारच्या गावाची यादी नाव बदलून आपल्या गावाची होते.

वसईने अशी यादी उतरवून घ्यावी, यापरते दुर्दैव नाही. याच भूमीत, सोपाऱ्यात, पंडित भगवानलाल इंद्रजी यांना १८८२ मध्ये सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. पूर्वीचे राजे मृगयेच्या मौजेसाठी यात्रा करीत, आता राजा धर्मयात्रा करतो, असा त्या लेखाचा आशय आहे. नवव्या लेखाचा तुकडा १९५६ मध्ये भुईगावात मिळाला. शिकार सोडल्याचे राजाने दगडावर लिहून ठेवले, म्हणून सव्वादोन हजार वर्षांनंतर ते आपल्याला कळते. पालघरच्याच किनाऱ्यावरील सातपाटीच्या मच्छीमारांनी, पापलेट घटत चालल्याचे ओळखून, त्याला मान मिळावा म्हणून पाठपुरावा केला आणि २०२३ मध्ये तो राज्यमासा ठरला. जाळ्यात येणारे पापलेट लहान होत गेले, हे प्रथम त्यांनाच दिसले होते.

महापालिकेकडून नोंदवहीची प्रत मागून घेणे हे नागरिकांच्या हाती आहे. आपल्या वाडीचे बावखल तिच्यात आहे का, पाचूबंदरच्या तांडेलाला ठाऊक असलेले मासे आले आहेत का, तुंगारेश्वरच्या पायथ्याच्या पाड्यांवरील वाघोबा नोंदले आहेत का, हे पाहावे. नसतील तर समितीला लेखी कळवावे आणि पोच घ्यावी. दिवाळीत पाड्यांवर कपडे आणि फराळ घेऊन जाणाऱ्या कार्यकर्त्यांनी यंदा वाघबारशीच्या दिवशीच जावे, सोबत एक कोरी वही न्यावी, आणि लिहून घेताना सांगणाऱ्याचे नाव त्याच्याच संमतीने शेजारी लिहावे.