आठ थांबे की चार?



आमचा भाचा जर्मनीत शिकतो. सुटीत रेल्वेचा एकच पास घेऊन तो चार देश फिरून आला आणि रविवारी फोनवर अम्मींना सांगत होता, "नानी, या एका पासवर तेहतीस देशांत जाता येते!" अम्मींनी सगळे ऐकले आणि विचारले, "असे तिकीट आपल्याकडे मिळते का? मला भोपाळला जायचे आहे."

आम्ही सगळे गप्प झालो. भोपाळला खाला राहतात. तीन वर्षांपूर्वी खालू वारले, तेव्हा ऐनवेळी आरक्षण मिळाले नाही आणि अम्मींचे जाणे राहिले. त्यांनी कधी तक्रार केली नाही. पण दोघी बहिणींची भेट फोनवरच होते.

भाच्याकडून आम्ही पासची माहिती विचारून घेतली. युरोपात राहणाऱ्यांसाठी इंटररेल हा पास १९७२ पासून आहे. आपल्यासारख्या बाहेरच्यांसाठी युरेल आहे, तो १९५९ पासून. महिन्याभरात चार, पाच किंवा सात दिवस प्रवास, असे त्याचे प्रकार असतात. ज्या दिवशी गाडीत बसाल तो एक दिवस खर्च. मग त्या दिवशी कितीही गाड्या बदला. मात्र पास म्हणजे जागा नव्हे. फ्रान्सच्या वेगवान गाड्यांना आणि युरोस्टारला पैसे भरून जागा राखून ठेवावी लागते. भाच्याने एका ठिकाणी हे केले नव्हते, तर रात्र स्टेशनवर काढावी लागली. वर त्याची कबुली अशी: "पास वसूल करायचा म्हणून रोज एक शहर केले. आता कोणता पूल कुठल्या शहरातला, तेही आठवत नाही."

आपल्या रेल्वेत याच्या जवळचे आहे ते चक्राकार प्रवासाचे तिकीट. जिथून निघायचे तिथेच परत यायचे, आणि वाटेत जास्तीत जास्त आठ ठिकाणी उतरायचे. भाडे काढताना एकूण अंतराचे दोन समान भाग करून दोन प्रवासांचे भाडे धरतात. अंतर वाढते तसा किलोमीटरचा दर उतरत जातो, म्हणून तुकड्या-तुकड्याने तिकिटे काढण्यापेक्षा हे स्वस्त पडते. तिकिटाची मुदतही अंतरावरून ठरते.

जालना अशा फेरीसाठी सोयीचे आहे. पूर्वेला परभणी, नांदेडवरून सिकंदराबाद. तिथून उत्तरेला नागपूर, भोपाळ, आग्रा, दिल्ली. आणि मुंबईवरून मनमाडमार्गे घरी. साधारण चार हजार किलोमीटर. मुलांनी लगेच वहीत आठ नावे लिहिली: हैदराबाद, नागपूर, भोपाळ, ग्वाल्हेर, आग्रा, दिल्ली, मथुरा, मुंबई. भोपाळच्या वाट्याला आली एक रात्र.

अम्मींनी वही हातात घेतली. "आठ वेळा सामान उतरवायचे, आठ जिने चढायचे. माझ्या गुडघ्यांना कोणी विचारले का? आणि बहिणीकडे एक रात्र? सलाम करून निघायचे काय?"

आमची मान खाली गेली. सगळा हिशेब तिकिटाचा झाला होता. माणसाचा झालाच नव्हता. ज्यांच्या प्रश्नावरून बेत सुरू झाला, त्यांनाच आम्ही सामानासारखे धरले होते.

मग वही पुन्हा मांडली. नागपूर, ग्वाल्हेर, मथुरा गेले. मुलांनी आग्राही सोडले. ताजमहालासाठी रुसवा झाला, पण तो एका दिवसाचा. उरले चार थांबे: हैदराबाद, भोपाळ, दिल्ली, मुंबई. भोपाळला पाच दिवस.

ज्या घरांत असा बेत असेल, त्यांच्यासाठी थोडे कामाचे. आधी थांब्यांची यादी आणि तारखा पक्क्या करा. मग ती मोठ्या स्टेशनवर किंवा विभागीय वाणिज्य व्यवस्थापकांकडे द्या; आपल्या जालन्यासाठी नांदेड विभाग आहे. तिकडून भाडे ठरले की निघण्याच्या स्टेशनवर तिकीट मिळते. त्यानंतर प्रत्येक टप्प्याचे आरक्षण वेगळे करावे लागते. इथेही तिकीट म्हणजे बर्थ नव्हे. आरक्षण साठ दिवस आधी उघडते, म्हणून दिवाळीच्या सुटीची तयारी श्रावणातच हवी. ज्येष्ठांची भाड्यातली सवलत मार्च २०२० पासून बंद आहे. पण ज्येष्ठांना आणि ४५ वर्षांवरील महिलांना, शिल्लक असेल तर, खालचा बर्थ मिळतो. फॉर्मवर वय बरोबर लिहा.

आणि एक. फक्त भोपाळलाच जायचे असेल तर फेरीची गरज नाही. सचखंड एक्सप्रेस जालन्याहून थेट जाते. हे आम्हाला तीन वर्षांपूर्वीही माहीत होते. आरक्षण नव्हते हे खरे. पण त्यानंतरच्या प्रत्येक सुटीत ते मिळू शकले असते, हेही खरे.

मुसाफिराची नमाज कस्र होते, रोजा पुढे ढकलता येतो. दीनने प्रवाशाचे ओझे इतके हलके केले आहे. आपण बेत आखताना ते वाढवू नये. घरातले जे सर्वांत हळू चालते, त्याला आधी विचारावे: कुठे उतरायचे आहे, आणि किती दिवस?

अम्मींनी खालांना फोन केला. पलीकडून आवाज इतका मोठा होता की आम्हालाही ऐकू आला: "पाच दिवस? बस्स, इतकेच?"